बिनपानाच्या फुलाचं गणगोत

श्रावण सरत आला की सह्याद्रीच्या रानात पाचोळ्यातून एक देठ सरळ वर येतो. जेमतेम वीतभर उंच, पिवळट तांबूस, अंगावर जांभळ्या रेघा. टोकाला एकच फूल, तंबाखूच्या जुन्या पाइपासारखं वाकलेलं. त्याला वेढणारं निदलांचं आवरण एका बाजूने जवळजवळ तळापर्यंत उकललेलं असतं आणि त्या फटीतून जांभळट गुलाबी नळी बाहेर डोकावते. गुडघे टेकून नळीत पाहिलं की आत मांसल, पिवळसर, चपटी कुक्षी दिसते. ती त्या फुलाच्या मानाने बरीच मोठी वाटते.

पान मात्र कुठेच नसतं. जमिनीलगत दोन-चार बारीक खवले असतात, पानांच्या वंशाची तेवढीच खूण. हिरवा रंग तर नावालाही नाही.

हे एजिनेशिया इंडिका. ताम्हिणी, महाबळेश्वर, आंबोली अशा पावसाच्या पट्ट्यात, बांबूच्या बेटाखाली किंवा झाडोऱ्याच्या कडेला वाढलेल्या गवताच्या बुडाशी ते येतं. कधी एकटं, कधी दहा-पंधरा देठांचा घोळका. पूर्ण परजीवी वनस्पती आहे ही. हरितद्रव्य नसल्यामुळे स्वतःचं अन्न तिला तयार करता येत नाही. जमिनीखाली तिची मुळं गवताच्या मुळांना चिकटतात, तिथे चूषकं, म्हणजे शोषून घेणारे अवयव, तयार होतात आणि पाणी, क्षार, साखर सगळं गवताकडून येतं. वर्षातला बहुतेक काळ ती मातीतच असते. वर येतं ते फक्त फूल, आणि तेही थोडे आठवडे.

रूप म्हणून हे फूल देखणं आहेच. पण मला त्याच्याकडे पुन्हा पुन्हा ओढून नेतं ते त्याचं गणगोत. हे कोणाचं कोण, आणि ते नेमकं कुठे कुठे राहतं, हे दोन साधे प्रश्न. दोन्हींची उत्तरं मिळवताना वनस्पतिशास्त्राला आपली पाहण्याची रीतच बदलावी लागली. एवढ्याशा फुलाने हे घडवलं याचं मला फार अप्रूप वाटतं.

कागदावरची सुरुवात मलबारातली. डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारचा गव्हर्नर हेंद्रिक व्हान ऱ्हीड याने तिथल्या वनस्पतींची चित्रं आणि माहिती जमवून ‘हॉर्टस मलबारिकस’ हा १२ खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १६७८ ते १६९३ या काळात तो अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्यामागची खरी विद्या होती इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याची आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोंकणी ब्राह्मणांची. त्या तिघांनी नागरी लिपीत लिहून दिलेलं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात आहे, आणि छापील नागरी अक्षरांच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांमध्ये ते मोजलं जातं. या ग्रंथाच्या ११व्या खंडात आपलं फूल आहे. देठ, वाकलेली नळी, उकललेलं आवरण, सगळं ओळखू येईल असं.

कार्ल लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली ‘स्पीशीज प्लांटारम’मध्ये त्याला एजिनेशिया इंडिका हे नाव दिलं. ग्रीसच्या एजिना बेटावरचा सातव्या शतकातला वैद्य पॉल याच्यावरून एजिनेशिया हे प्रजातीचं नाव आलं. लिनियस भारतात कधी आला नव्हता. त्याच्यासमोर होतं ऱ्हीडच्या ग्रंथातलं चित्र, आणि आजही या जातीच्या नावाचा आधार म्हणून तेच चित्र मानलं जातं. नाव ज्याच्यावर उभं आहे तो वाळवलेला नमुना नसून मलबारात काढलेलं एक रेखाटन आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. कारण हे फूल वाळलं की काळं पडतं. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, कागदावर त्याचा रंग तर जातोच, मांसल कुक्षीसुद्धा आक्रसते. चित्रकाराने ते ताजं असताना पाहिलं होतं.

लिनियसची पद्धत सरळ होती. पुंकेसर मोजायचे, त्यांची मांडणी बघायची आणि त्यावरून वर्ग ठरवायचा. एजिनेशियाला चार पुंकेसर, दोन लांब आणि दोन आखूड. म्हणून ते गेलं चौदाव्या वर्गात. त्याच वर्गात, जवळपासच्याच पानांवर, त्याने ‘बुकनेरा एशियाटिका’ नावाची एक बारीकशी हिरवी वनस्पती नोंदवली. आज आपण तिला स्ट्रायगा म्हणतो. ज्वारी पिकवणाऱ्याला तिची ओळख करून द्यायला नको. तो तिच्या भावकीला टारफुला म्हणतो आणि तिचं नाव निघालं की कपाळाला आठ्या घालतो. हे शेजारपण लक्षात असू द्यावं, पुढे त्याचं काम आहे.

पुंकेसर मोजण्याची पद्धत कृत्रिम आहे, निसर्गातली नाती तिच्यात उतरत नाहीत, हे नंतरच्या पिढ्यांना जाणवू लागलं. १७८९ साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ जुसियूने स्क्रोफ्युलारिएसी हे कुळ मांडलं. १७९९ साली व्हाँतनाने ओरोबँकेसी हे वेगळं कुळ केलं. विभागणी डोळ्यांना पटणारी होती. हिरवी पानं असणारे स्क्रोफ्युलारिएसीत. पानं आणि हरितद्रव्य दोन्ही गमावलेले, दुसऱ्याच्या मुळांवर जगणारे ओरोबँकेसीत. तंबाखूच्या शेतात उगवणारा बंबाखू, म्हणजे ओरोबँकी, या दुसऱ्या कुळाचा नमुनेदार सदस्य. एजिनेशियाही त्याच घरात गेलं.

थिओडोर कुक यांची ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ १९०१ ते १९०८ या काळात निघाली. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या या माणसाचा ग्रंथ महाराष्ट्रात फुलं बघत हिंडणाऱ्या कोणालाही अजून चुकलेला नाही. त्यातही हीच, बेंथम आणि हूकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांच्या वळणाची मांडणी आहे. टारफुला, पठारांवर पांढऱ्या लांब नळीची फुलं काढणारी तुतारी, म्हणजे ऱ्हॅम्फिकार्पा, आणि सोपुबिया हे सगळे स्क्रोफ्युलारिएसीत. एजिनेशिया त्यांच्यापासून वेगळं, ओरोबँकेसीत. मी शिकत होते तेव्हाही हेच शिकवलं जायचं, आणि त्यात कोणाला काही खटकत नसे.

खटकायला हवं होतं, असं मला आता वाटतं. कारण टारफुला, तुतारी, सोपुबिया यांची पानं हिरवी असली तरी जमिनीखाली त्यांचेही उद्योग तेच आहेत. ते अर्धपरजीवी आहेत. अन्न काही प्रमाणात स्वतः करतात आणि शेजारच्याच्या मुळात चूषकही घुसवतात. चूषक हा अवयव काही सहज होणारा नव्हे. दुसऱ्याच्या मुळाची चाहूल घ्यायची, त्याच्या पेशींमधून वाट काढायची आणि त्याच्या जलवाहिनीला आपली जोडायची, एवढं काम त्यात आहे. दोन शेजारच्या कुळांत हे गुंतागुंतीचं यंत्र असताना आपण मात्र सीमारेषा आखली ती पान हिरवं आहे की नाही यावर. उणिवेवरून केलेलं वर्गीकरण होतं ते. ज्यांच्याकडे पान नाही ते सगळे एका घरात.

उणिवेवरून गोत ठरवण्यात काय धोका आहे, हे बघायला अमरवेल पुरेशी आहे. बाभळीवर किंवा कुंपणावर पसरलेले पिवळे धागे आपण सगळ्यांनी पाहिलेत. कोकण किनाऱ्यावरच्या झुडपांवरही अगदी तशाच धाग्यांचं जाळं दिसतं. पुष्कळदा ती अमरवेल नसतेच, ती कॅसिथा असते. अमरवेल रताळ्याच्या कुळातली, कॅसिथा दालचिनीच्या. दोघींचे पूर्वज एकमेकांपासून फार फार दूर. जगण्याची रीत एक झाली म्हणून रूप एकसारखं झालं, एवढंच. सपुष्प वनस्पतींमध्ये परजीवी जीवन निदान १२ वेळा स्वतंत्रपणे सुरू झालं असावं, असं आता मानलं जातं. रॅफ्लेशियाचं एवढं प्रचंड फूल, पण पान आणि खोड दोन्ही नसल्यामुळे त्याची वंशावळ कित्येक दशकं लागेना. २००७ साली जनुकांच्या आधारे कळलं की ते एरंडाच्या गोतातून निघालंय.

एजिनेशियाच्या बाबतीत उलगडा झाला तो १९९०च्या दशकाच्या शेवटी. पूर्ण परजीवींच्या हरितलवकांमधले प्रकाशसंश्लेषणाचे जीन, म्हणजे जनुकं, हरवलेले किंवा मोडके असतात, त्यामुळे नेहमीच्या जीनांवरून तुलना करता येत नव्हती. पण लवकांतले दुसरे काही जीन, ज्यांचा प्रकाशसंश्लेषणाशी थेट संबंध नाही, ते टिकून असतात. तेच वाचले गेले. १९९९ आणि २००१ साली आलेल्या अभ्यासांनी स्क्रोफ्युलारिएसी हे जुनं, ऐसपैस कुळ अक्षरशः विस्कटून टाकलं. नीरब्राह्मी गेली इसबगोलाच्या कुळात. निळ्याजांभळ्या फुलांचं टोरेनिया लिंडर्निएसी नावाच्या वेगळ्या कुळात. आणि सगळे अर्धपरजीवी, टारफुल्यापासून हिमालयातल्या पेडिक्युलॅरिसपर्यंत, ओरोबँकेसीत येऊन दाखल झाले. एके काळी मूठभर बिनपानी वनस्पतींचं असलेलं हे कुळ आता सुमारे २,००० जातींचं आहे. मुळांवर चूषक धरण्याची करामत या वंशात एकदाच आली आणि पुढे सगळ्यांकडे वारशाने गेली, असं चित्र उभं राहिलं.

या वंशवृक्षाच्या बुंध्याशी, परजीवी होण्याच्या अगोदरच्या फांदीवर, कोण आहे? लिंडेनबर्गिया. पावसाळ्यानंतर जुन्या भिंतींत, किल्ल्यांच्या तटांच्या फटींत पिवळी फुलं फुलवणारी साधी हिरवी वनस्पती. कोणाच्याही मुळाला हात न लावता चुन्याच्या सांध्यात ती जगते. मला हे कळल्यापासून कोणत्याही गडाचा दरवाजा ओलांडताना नजर आधी चिऱ्यांच्या फटींकडे जाते.

पण मला सर्वांत जास्त हलवून गेलेली गोष्ट पुढेच आहे. कुळ तर मोठं झालं, पण त्या कुळाच्या आत एजिनेशिया बसतं कुठे? बंबाखूशेजारी बसेल असं कोणीही म्हणालं असतं. दोघंही बिनपानी, दोघंही हरितद्रव्याशिवाय, दोघंही जमिनीतून थेट फूल वर काढणारे. प्रत्यक्षात ते बसतं टारफुला, सोपुबिया, तुतारी यांच्या शाखेत. बंबाखूची शाखा निराळी. म्हणजे हिरवेपण सोडून देण्याची घटना या कुळात एकदाच घडलेली नाही. वेगवेगळ्या फांद्यांवर ती स्वतंत्रपणे घडली. हिरव्या पानांचा टारफुला एजिनेशियाचा जवळचा भाऊबंद, आणि हुबेहूब त्याच्यासारखा जगणारा बंबाखू लांबचा. १७५३ साली लिनियसने केवळ पुंकेसर मोजून ज्या दोघांना शेजारी बसवलं होतं, त्यांना मधली दोनशे वर्षं आपण वेगळ्या घरांत ठेवलं, आणि मग जनुकांनी पुन्हा एका अंगणात आणलं.

जनुकांची साक्षही डोळे झाकून घ्यावी अशी नसते, हेही याच गोतातून कळलं. २०१० साली टारफुल्याच्या एका आफ्रिकी भावंडात असा जीन सापडला जो त्याच्या वंशात असायचं काही कारणच नव्हतं. तो ज्वारीसारख्या गवताकडून आला होता. साखरपाण्याच्या वाटेने कधीतरी वारसाहक्कही गेला. एकाच जीनवर विसंबून नातं सांगायला बसलो असतो तर टारफुल्याला गवत ठरवून मोकळे झालो असतो. म्हणून अनेक जीन ताडून बघावे लागतात.

नात्याची जागा बदलली की नकाशाही बदलतो. एजिनेशियाचे बिनपानी सख्खे शोधायला आता युरोपातल्या ओरोबँकींकडे जाण्यात अर्थ नव्हता. त्याच्या शाखेतले हारवेया आणि हायोबँकी आफ्रिकेत आहेत, मुख्यतः दक्षिण आणि पूर्वेकडे. ख्रिस्तिसोनिया आपल्या घाटांत आणि श्रीलंकेत आहे. तिच्या काही जाती कारवीच्या गोतातल्या झुडपांच्या मुळांवर जगतात. आफ्रिकेपासून आशियापर्यंत उष्ण प्रदेशात पसरलेल्या या भावकीत आपलं फूल पूर्वेकडचं टोक गाठतं.

आणि ते टोक थक्क करणारं आहे. भारत, श्रीलंका, नेपाळ, भूतान, बांगलादेश, म्यानमार, थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स, दक्षिण चीन, तैवान आणि थेट जपान. चीनमध्ये त्याची एक जवळची जात आहे, एजिनेशिया सायनेन्सिस, तिच्या पाकळ्यांच्या कडा बारीक दातेरी असतात. आपल्या इंडिकाच्या कडा सलग. फिलिपिन्स आणि तैवानमध्ये इंडिका उसाच्या शेतात शिरून पिकाचं नुकसान करणारी वनस्पती म्हणूनही नोंदवली गेली. जपानमध्ये तिची ओढ मिस्कॅन्थस या उंच गवताकडे. आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या जपानी काव्यसंग्रहात वाटेकडेच्या त्या गवताच्या बुडाशी उगवणाऱ्या एका फुलाचा उल्लेख आहे आणि ते हेच फूल असं मानलं जातं. चूषक हा शब्द यायच्या हजार-अकराशे वर्षं अगोदर कोणीतरी हे फूल आणि त्याचं गवत दोघांना एकत्रच पाहिलं होतं. फुलवेडे जपानी लोक आजही ते कुंडीत वाढवतात, पण कुंडीत आधी गवत लावावं लागतं.

एवढ्या पसाऱ्यात ते गेलं कसं? बी धुळीसारखं असतं. एका बोंडातून असंख्य बिया निघतात. वारा, पाणी, चिखल, कशाबरोबरही त्या जातील. मात्र पोचणं आणि रुजणं यांत फार अंतर आहे. टारफुल्याच्या बाबतीत हे नीट उलगडलेलं आहे. मुळांतून झिरपणाऱ्या एका रसायनाची चाहूल लागल्याशिवाय त्याचं बी उगवतच नाही. १९६६ साली कापसाच्या मुळांतून ते पहिल्यांदा वेगळं काढलं, आणि २००५ साली उमगलं की झाडं ते सोडतात ते मातीतल्या उपकारक बुरशीला बोलावण्यासाठी. निमंत्रण बुरशीला, येतो टारफुला. इवल्याशा बियांत शिदोरी नसते, त्यामुळे मूळ हाताशी नसेल तर उगवूनही उपयोग नाही. म्हणून अशा वनस्पतीची सीमा आखताना पाऊस आणि उंची एवढंच बघून भागत नाही. मातीखाली कोणाची मुळं आहेत ते बघावं लागतं.

आपल्याकडच्या नोंदी वाचताना मला हीच गोष्ट सलते. हर्बेरियमच्या कागदांवरच्या चिठ्ठ्या असोत की आता मोबाइलवरून टाकलेले फोटो असोत, ठिकाण असतं, तारीख असते, फूल नीट असतं. यजमान कोण, म्हणजे ते कोणाच्या मुळांवर जगतं, या जागी बहुतेकदा ‘गवतात’ किंवा ‘बांबूखाली’ एवढंच, कधी तेही नाही. नकाशावर त्यातून जे ठिपके उमटतात ते पुष्कळसे आपल्याच पायवाटांचे असतात. भाद्रपदात माणसं जिथे फिरायला जातात तिथे एजिनेशिया ‘आहे’. जिथली वाट पावसात बंद होते तिथे ते ‘नाही’. आणि ते जमिनीवर नसलेल्या दहा-अकरा महिन्यांत तर ते कुठेच नसतं.

यजमान नोंदवणं अवघड आहे, हे मान्य. उकरून बघायचं म्हटलं तर चिकटलेली मुळं इतकी नाजूक असतात की माती सुटताना जोडही सुटतो, आणि एक झाड गेलं ते गेलंच. मी उकरत नाही. अभ्यासासाठी परवानगी घेऊन, माहीतगार माणसाने एखादा नमुना काढणं वेगळं. हौसेपोटी कोणी तसं करू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यातून गवतांची आणखी एक गोम आहे. एजिनेशिया फुलतं तेव्हा बरीचशी गवतं नुसती पाती घेऊन उभी असतात. तुरे आल्याशिवाय त्यांची जात खात्रीने सांगता येत नाही, आणि तुरे येतात ते दसरा-दिवाळीच्या आसपास. तोवर फुलाचा मागमूस उरलेला नसतो.

तेव्हा मी दोनदा जाते. पहिल्यांदा फुलासाठी. तेव्हा जागेची खूण म्हणून जवळच्या खडकाचा, झाडाच्या बुंध्याचा फोटो घेते, देठापासून हातभर अंतरात कोणकोणती पाती आहेत ते टिपून ठेवते, बांबू असेल तर तोही. दुसऱ्यांदा जाते तेव्हा रान पिवळं पडायला लागलेलं असतं, वाट कोरडी असते आणि फुलांसाठी येणारं कोणी नसतं. तुरे हातात घेऊन, भिंगातून कुसळं बघून, त्या जागेवरची गवतं एकेक करून ओळखायची. चार-पाच नावं तरी निघतात. यजमान त्यातला एक, म्हणून मी पाचही लिहिते. पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या डोंगरावर एजिनेशिया दिसलं की पुन्हा तशीच यादी करायची आणि दोन्ही शेजारी ठेवायच्या. दोन्हींत जे नाव येत नाही ते खोडायचं. ताम्हिणीच्या आणि आंबोलीच्या याद्यांमध्ये आता तीन नावं सामाईक उरली आहेत, आणि महाबळेश्वरची यादी या कार्तिकात पुरी व्हायची आहे.